उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालं नाही का?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले होते, की ग्राहकाची जोडणी चालू करणारा प्रोग्राम कुणीही लिहील; तोच प्रोग्राम चुकून दोनदा चालला तर काय होईल, हे ज्याला सांगता येईल त्याला मी कामावर घेईन. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की संपादकांनी या वेळचं पान त्यालाच देऊन टाकलं. कुणी ग्राहक सेवेत आहे, कुणी स्क्रिप्ट लिहितं, कुणी खांबावर चढून तार ओढतं. एक गृहस्थ माझ्यावर चांगलेच रागावले आहेत. त्यांचं पत्र मुद्दाम शेवटाकडे ठेवलंय.

प्रश्न : मी ब्रॉडबँडच्या ग्राहक सेवा कक्षात आहे. नव्या जोडणीची माहिती भरून ‘सक्रिय करा’ दाबलं की कधी दोन मिनिटांत इंटरनेट चालू होतं, कधी तासभर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच दिसत राहतं. मधे नेमकं चाललेलं काय असतं? ग्राहकाला काय सांगू?

मधे तीन दारं असतात आणि तिन्ही दारांवरचे पहारेकरी वेगवेगळ्या भाषा बोलतात. फायबरची जोडणी धरून सांगते.

पहिलं दार ओएलटीचं, म्हणजे फायबरच्या तारा कंपनीकडे जिथे येऊन मिळतात त्या यंत्राचं. हिच्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. तिला आधी सांगून ठेवावं लागतं, की अमुक सिरियल नंबरचा ओएनटी (ग्राहकाच्या घरातला फायबरचा डबा) तमुक पोर्टवर दिसला तर त्याला आत घे, हा आयडी दे, इतकी बँडविड्थ दे, त्याची रहदारी या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्यातल्या या वेगळ्या कप्प्यात, टाक. त्यानंतर ओएलटी आणि ओएनटी आपापसात ओएमसीआय नावाच्या भाषेत बोलून घेतात. ती भाषा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.९८८ या शिफारशीत लिहिलेली आहे. आपल्या प्रोग्रामला ती यावी लागत नाही. त्या दोघांचं बोलणं उरकेपर्यंत थांबता आलं पाहिजे, बस.

दुसरं दार बीएनजीचं, म्हणजे ग्राहकांना इंटरनेटवर सोडणाऱ्या कंपनीच्या मोठ्या राउटरचं. त्याला बहुतेक वेळा आधी काहीच सांगितलेलं नसतं. ग्राहकाचा राउटर पीपीपीओई किंवा डीएचसीपी या जोडणी मागायच्या पद्धतींनी येऊन दार वाजवतो, तेव्हा बीएनजी रेडियस सर्व्हरला, म्हणजे ग्राहकांची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरला, विचारतो, ‘हा कोण? याला किती वेग द्यायचा?’ आणि उत्तराप्रमाणे वागतो. तिसरं दार घरातल्या राउटरचं : वाय-फायचं नाव, पासवर्ड वगैरे. ते टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने पोचतं.

तुमचा तासभर बहुतेक वेळा पहिल्या दारात जातो, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो. ओएलटीवर नोंद झालेली असते, पण घरातल्या डब्याचा प्लगच लावलेला नसतो. मग ओएलटी वाट बघते, तिच्यामागे आपली यंत्रणा वाट बघते आणि पडद्यासमोर तुम्ही. तेव्हा ग्राहकाला पहिला प्रश्न विचारा : ओएनटीवरचा पॉनचा (फायबरच्या जोडणीचा) दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे? स्थिर असेल तर पहिलं दार ओलांडलं. तक्रार पुढच्या दाराशी न्या. एलओएसचा लाल दिवा दिसत असेल तर प्रोग्रामचा संबंधच नाही, तारेत प्रकाश पोचत नाहीये.

प्रश्न : आमची स्क्रिप्ट ओएलटीला आज्ञा देते आणि ३० सेकंद थांबते. उत्तर आलं नाही तर तीच आज्ञा पुन्हा देते. महिन्यातून तीन-चारदा असं होतं, की ग्राहकाची सेवा चालू होते आणि मिनिटभरात बंद पडते. लॉगमध्ये ‘आधीच अस्तित्वात आहे’ अशी त्रुटी दिसते. ओएलटीच बिघडलीय असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. (ही स्क्रिप्ट मी लिहिलेली नाही, वारशाने आली आहे.)

ओएलटी धडधाकट आहे. वारसा मात्र तपासून घ्या, कारण अशीच एक स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली होती आणि तिच्या पराक्रमाची रात्र मला अजून आठवते.

ओएलटीच्या एका कार्डावरचे ग्राहक दुसऱ्या कार्डावर हलवायचे होते. रात्री, ठरवून दिलेल्या वेळातच करायचं काम. माझी स्क्रिप्ट आज्ञा द्यायची, ३० सेकंद वाट पाहायची. एरवी ओएलटी चार-पाच सेकंदांत उत्तर द्यायची, पण त्या रात्री एकामागून एक नोंदी घेताना तिचा प्रोसेसर दमला. ही यंत्रं ग्राहकांची रहदारी वेगळ्या चिप्समधून वाऱ्यासारखी पळवतात, पण आज्ञा ऐकणारा त्यांचा मेंदू बेताचाच असतो. एका ग्राहकाची नोंद तिने चौतिसाव्या सेकंदाला पूर्ण केली. तोवर माझी स्क्रिप्ट ‘उत्तर नाही, म्हणजे काम झालं नाही’ असं समजून दुसऱ्यांदा तीच आज्ञा देऊन बसली होती. ओएलटीने खरं तेच सांगितलं : ‘ही नोंद आधीच आहे.’ स्क्रिप्टच्या लेखी कुठलीही त्रुटी म्हणजे अपयश, आणि अपयश आलं की केलेलं सगळं मागे घ्यायचं, अशी मोठ्या हुशारीने मीच घातलेली अट. तिने ती नोंद पुसली. चालू झालेली, व्यवस्थित चालणारी जोडणी माझ्या प्रोग्रामने स्वतःच्या हाताने तोडली. आणि लॉगमध्ये लिहिलं काय? ‘पूर्वस्थिती यशस्वीपणे आणली.’ अशा सोळा जोडण्या. पहाटे मी त्या एकेक करून हाताने परत चालू केल्या.

तुमच्याकडे हेच होतंय. टाइमआउट आपल्या घड्याळाचा असतो. त्यावरून ओएलटीने काय केलं ते कळत नाही. म्हणून टाइमआउट झाल्यावर पहिलं काम एकच : विचारा. या पोर्टवर या सिरियल नंबरची नोंद आहे का? असेल, आणि आपल्याला हवी तशीच असेल, वेग तोच, व्हीलॅन तोच, तर काम झालं, पुढे चला. नोंद आहे पण वेगळी आहे, तर थांबा आणि माणसाला बोलवा. मुळीच नसेल तरच पुन्हा आज्ञा द्या. ‘आधीच अस्तित्वात आहे’ या उत्तरालाही हाच नियम. ती त्रुटी वाटते, पण पुष्कळदा ती आनंदवार्ता असते.

यापुढची पायरी म्हणजे ‘हे कर’ असं सांगण्याऐवजी ‘हे असं असायला हवं’ असं सांगणारा इंटरफेस लिहिणं. वेबवाल्यांकडे हा फरक जुना आहे. एचटीटीपीत, म्हणजे वेबच्या बोलण्याच्या पद्धतीत, पुट (‘असं ठेव’) आणि डिलीट (‘पूस’) या आज्ञा कितीदाही पाठवा, परिणाम एकदा पाठवल्यासारखाच राहायला हवा असा नियम आहे; पोस्ट या आज्ञेला ती हमी नाही. तेव्हा तुमच्या ओएलटीपुढे स्वतःची एपीआय (इतर प्रोग्रामांनी काम सांगायची खिडकी) उभी करणार असाल, तर ‘नवी जोडणी तयार कर’ या पोस्टऐवजी ‘या जोडणीक्रमांकाची स्थिती अशी ठेव’ असा पुट ठेवा. आणि तो जोडणीक्रमांक तुमच्या ऑर्डरमधून येऊ दे, ओएलटीच्या रिकाम्या आयडीवरून नको.

रिकाम्या आयडीचं प्रकरण अजून वेगळं. दोन स्क्रिप्ट एकाच क्षणी विचारतात, ‘कोणता आयडी रिकामा?’ दोघींना उत्तर मिळतं, १७. दोघी १७ घ्यायला धावतात. एकीला मिळतो, दुसरीला ‘आधीच अस्तित्वात आहे’. आणि दुसरीमध्ये माझ्यासारखी हुशारी भरलेली असेल तर ती पहिलीचा ग्राहक पुसून मोकळी होते. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक ओएलटीसाठी एकच रांग, एका वेळी एकच लिहिणारा. वाचणारे कितीही असोत.

जाता जाता एक जुनी गोष्ट. मी या कामात आले तेव्हा ओएलटींच्या व्यवस्थापन सर्व्हरशी टीएल१ मध्ये बोलायचं असे. १९८४ साली बेलकोर या अमेरिकी दूरसंचार संशोधन कंपनीने दूरसंचार यंत्रांसाठी आखलेली ही भाषा. प्रत्येक आज्ञेत आपण एक सहा अक्षरांपर्यंतचा टॅग घालायचा आणि उत्तरात तोच टॅग परत यायचा. काम झालं तर ‘कम्प्लीडी’, नाकारलं तर ‘डिनाय’. आणि दोन सेकंदांत पक्कं उत्तर देता येत नसेल, तर यंत्राने आधी ‘आयपी’ अशी पोच द्यायची, म्हणजे काम चालू आहे. मी ते टॅग एका वहीत पेन्सिलने लिहून ठेवायची आणि उत्तर आलं की खोडायची. पहाटे जे टॅग खोडलेले नसत, तेच माझं दिवसाचं काम. आज एपीआय ‘२०२, स्वीकारलं’ असं म्हणते आणि हातात जॉब क्रमांक ठेवते, ती हीच कल्पना. फरक एवढाच, की २०२ आला म्हणजे काम झालं असं समजणारे लोक तेव्हा कमी होते.

प्रश्न : ताई, मी फील्डवर ओएनटी बसवतो. सिरियल नंबर फोनवरून सांगतो. तीनदा सांगूनही समोरचा चुकीचा भरतो आणि बोलणी मी खातो.

तुमची बाजू मला शंभर टक्के पटते. जीपॉनच्या, म्हणजे या फायबर पद्धतीच्या, सिरियल नंबरमध्ये आधी बनवणाऱ्याची चार अक्षरं असतात आणि मागे आठ हेक्साडेसिमल आकडे, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ. आता ही सहा अक्षरं फोनवर मोठ्याने म्हणून बघा : ए, बी, सी, डी, ई, एफ. मधली चार एकाच चालीची! वाऱ्यात, शिडीवर, खरखरणाऱ्या लाइनीवर बी म्हणालात की डी, हे देवालाही कळायचं नाही. शिवाय लेबलवर बी आणि ८ जुळ्या भावंडांसारखे दिसतात.

तुम्ही नंबर सांगणं बंद करा. ओएनटी लावून चालू केला की तो आपणहून ओएलटीला आपला नंबर सांगतो, आणि नोंद नसलेल्या ओएनटींची यादी ओएलटी ठेवते. तुमच्या कार्यालयातल्या माणसाने ती यादी त्या पोर्टपुरती मागवायची, तुम्ही फक्त शेवटची चार अक्षरं सांगायची, आणि त्याने यादीतून निवडायचं. टाइप करायचं नाही. हे पत्र वरिष्ठांना दाखवा. बोलणी आता त्यांनी खावीत.

प्रश्न : कार्यालयात वाद चालू आहे. आमच्या सगळ्या स्क्रिप्ट कमांड लाइनवर लॉगिन करून पडद्यावरचा मजकूर वाचतात. नवे साहेब म्हणतात, पुढची खरेदी फक्त नेटकॉन्फवाल्या (जुळणीच्या आज्ञा ठरावीक प्रमाण रूपात घेणाऱ्या) यंत्रांची. नेटकॉन्फने खरंच सुटका होते का?

अर्धी होते. ती अर्धी कोणती, ते खरेदीआधी कळलेलं बरं.

पडदा वाचणाऱ्या स्क्रिप्टची कला जुनी आहे. डॉन लिब्स यांचं ‘एक्स्पेक्ट’ हे साधन १९९० पासून लोक याच कामाला जुंपत आले. ती वाईट नाही, नाजूक आहे. एकदा फर्मवेअर बदलल्यावर एका तक्त्यातला रकाना दोन अक्षरांनी सरकला. माझी स्क्रिप्ट अठराव्या अक्षरापासून स्थिती वाचत होती. ‘ऑनलाइन’ शब्दाचा पुढचा तुकडा तिच्या नजरेतून निसटला, आणि एका फटक्यात सगळे ग्राहक बंद आहेत असा अहवाल निघाला. दुसऱ्या वेळी यादी पडद्यात मावेना म्हणून यंत्र ‘आणखी?’ विचारून थांबलं. स्क्रिप्ट थांबली. दोघं सकाळपर्यंत एकमेकांकडे बघत बसले होते.

या दुखण्याची जाहीर कबुली २००२ साली झाली. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणारे आणि प्रोटोकॉल लिहिणारे यांना एका कार्यशाळेत समोरासमोर बसवलं. त्याचा वृत्तांत आरएफसी ३५३५ म्हणून २००३ मध्ये निघाला (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). चालवणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, की एसएनएमपी या देखरेखीच्या पद्धतीने आम्ही आकडे वाचतो, पण यंत्रांची जुळणी करायला ते कामाचं नाही. त्यासाठी आम्ही कमांड लाइनवरच जातो. त्या चर्चेतून पुढे नेटकॉन्फ आलं, पहिलं रूप २००६ मध्ये, सुधारलेलं आरएफसी ६२४१ हे २०११ मध्ये. मजकुराची रचना सांगणारी यांग ही भाषा २०१० ची.

आता सुटका कुठे होते ते बघा. नेटकॉन्फमध्ये बदल आधी ‘कँडिडेट’ नावाच्या कच्च्या प्रतीत करता येतो, तपासता येतो आणि मग एकदम लागू करता येतो, यंत्र ती सोय देत असेल तर. म्हणजे ओएनटीची नोंद झाली पण व्हीलॅन राहिला, असला अर्धामुर्धा ग्राहक उरत नाही. ‘कन्फर्म्ड कमिट’ तर मला फारच आवडतं : बदल लागू करा, पण ठरल्या वेळात, न सांगितल्यास ६०० सेकंदांत, मी पुन्हा ‘हो’ म्हटलं नाही तर मागे घ्या. स्वतःच्याच आज्ञेने स्वतःची वाट बंद करून बसलेल्या प्रत्येकाला याची किंमत कळेल. आणि आधीच्या प्रश्नातलं दुखणं इथे मुळातच हाताळलेलं आहे. ‘क्रिएट’ म्हटलंत आणि नोंद असेल तर त्रुटी येते. ‘मर्ज’ किंवा ‘रिप्लेस’ म्हटलंत तर येत नाही. ‘डिलीट’ला नोंद सापडली नाही तर तक्रार होते, ‘रिमूव्ह’ला होत नाही. हा ‘रिमूव्ह’ २००६ च्या आवृत्तीत नव्हता, २०११ मध्ये आला. मधल्या पाच वर्षांत किती जणांनी हात पोळून घेतले असतील, याचा मला अंदाज आहे.

सुटका होत नाही ती शब्दांच्या बाबतीत. नेटकॉन्फ म्हणजे व्याकरण. शब्दकोश प्रत्येक कंपनीचा आपापला. एकीचं ‘सर्व्हिस पोर्ट’ दुसरीकडे तीन वेगळ्या वस्तूंत विभागलेलं असतं. ब्रॉडबँड फोरम या उद्योगसंस्थेने अॅक्सेस यंत्रांसाठी (ओएलटीसारख्या, ग्राहकांना जोडणाऱ्या) टीआर-३८३ आणि पॉनसाठी टीआर-३८५ अशी समान यांग मॉडेलं काढली आहेत. तेव्हा साहेबांना सांगा, निविदेत ‘नेटकॉन्फ हवं’ एवढं लिहून भागणार नाही. कोणती मॉडेलं, किती भाग पाळलेला, काय वगळलंय, हे लेखी मागा. आणि यंत्र टेबलावर घेऊन एक ग्राहक चालू करा, त्याचा वेग बदला, ओएनटी बदला, बंद करा. माहितीपत्रकात नेटकॉन्फ असलेल्या पण सेवा तयार करायला शेवटी कमांड लाइनच लागणाऱ्या पेट्या मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : ग्राहकाने वरचा प्लॅन घेतला तर त्याची जोडणी न तोडता वेग वाढवता येतो का? आम्ही राउटर बंद-चालू करायला सांगतो.

येतो. रेडियसमध्ये एरवी बीएनजी विचारतो आणि सर्व्हर सांगतो. उलट दिशेने, सर्व्हरने आपणहून बीएनजीला ‘याचा वेग बदल’ म्हणायची सोय म्हणजे सीओए, आरएफसी ५१७६, यूडीपी पोर्ट ३७९९. सत्र, म्हणजे ग्राहकाची त्या वेळची जोडणी, चालू राहतं, वेग बदलतो. मात्र बीएनजीचा होकार आल्याशिवाय झालं असं धरू नका. नकार येऊन त्यात त्रुटी ५०३ दिसली, तर ते सत्र त्याच्याकडे नाहीच. बहुधा ग्राहक मधल्या काळात तुटून नव्याने आलेला असतो आणि आपण जुना सत्रक्रमांक धरून बसलेलो असतो. आणखी एक : सीओए पाठवण्याआधी रेडियसच्या डेटाबेसमध्ये नवा वेग लिहा. उलट क्रमाने केलंत तर ग्राहकाला आज वेग मिळतो आणि उद्या राउटर बंद-चालू झाला की तो जुन्या वेगावर येतो. केबल मोडेमवाल्यांचा मार्ग निराळा. त्यांचा मोडेम चालू होताना टीएफटीपी या फाइल आणायच्या पद्धतीने आपली जुळणीची फाइल ओढून घेतो, त्यामुळे तिथे तुमचा बंद-चालूचा सल्ला पुष्कळदा बरोबरच ठरतो.

प्रश्न : एक ग्राहक दिवसभर व्हिडिओ बघतो, पण आमच्या नोंदीत त्याचा वापर जेमतेम दिसतो. मीटर कुठे चुकतोय?

तुमचा मीटर गोल फिरून पुन्हा शून्यावर येतोय. रेडियसच्या हिशेबातला बाइटचा आकडा ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की तो पुन्हा शून्यापासून मोजू लागतो. १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने हा फेरा पावणेसहा मिनिटांत पुरा होतो. किती फेरे झाले ते ‘गिगावर्ड्स’ नावाच्या वेगळ्या रकान्यांत येतं, क्रमांक ५२ आणि ५३. ही जोड २००० सालच्या आरएफसी २८६९ मधली, पण तुमच्या प्रोग्राममध्ये ते रकाने वाचलेच जात नसतील. वाचा आणि फेऱ्यांना वरच्या संख्येने गुणून बेरीज करा. हात घातलाच आहे तर हेही तपासा : ‘इनपुट’ म्हणजे बीएनजीकडे ग्राहकाकडून आलेलं, म्हणजे अपलोड. पुष्कळ जण तो डाउनलोड समजून बसलेले असतात.

प्रश्न : घरोघरच्या राउटरवर वाय-फायचा पासवर्ड दुरून बदलून देण्यासाठी आम्ही टीआर-०६९ चा सर्व्हर उभारतोय. राउटरचं पोर्ट ७५४७ बाहेरून उघडं ठेवावं लागतं असं कुणीतरी सांगितलं. खरं का?

जगाला उघडं मुळीच ठेवू नका. २००४ साली तेव्हाच्या डीएसएल फोरमने ही पद्धत काढली तेव्हा एक गोष्ट शहाणपणाची केली : संवाद नेहमी राउटरच सुरू करतो. तो ठरावीक वेळाने, किंवा काही घडलं की, सर्व्हरला ‘इन्फॉर्म’ पाठवतो आणि सर्व्हर त्याच संवादात आपली कामं सांगतो. सर्व्हरला घाई असली तर तो राउटरचं दार फक्त ठोठावतो, आणि मग राउटर उलटा फोन लावतो. त्या ठोठावण्यापुरतंच पोर्ट ७५४७. ते फक्त तुमच्या सर्व्हरच्या पत्त्यालाच ऐकू जाईल एवढं बघा. २०१६ च्या नोव्हेंबरात मिराई या घुसखोर प्रोग्रामच्या एका नव्या अवताराने इंटरनेटवर उघडी असलेली ७५४७ पोर्टं हुडकायला सुरुवात केली. काही राउटर त्या पोर्टवर घरातल्या घरात वापरायच्या आज्ञाही बाहेरून ऐकत होते. जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या जवळपास ९ लाख ग्राहकांचे राउटर त्या धडकेत कोलमडले.

पासवर्ड बदलण्याबद्दल दोन सूचना. राउटरने उत्तरात स्थिती ० दिली तर बदल लागू झाला. १ दिली तर लिहून घेतलाय, लागू व्हायचाय, कदाचित रिबूटनंतर. दोन्हीला ‘यशस्वी’ म्हणू नका. आणि नवा पासवर्ड बसला का हे परत वाचून पाहू नका. पासवर्डचे रकाने वाचायला गेलं की रिकामी ओळ येते, ती तशीच यायला हवी. आमच्या एका नवशिक्या सहकाऱ्याने ती रिकामी ओळ पाहून ‘पासवर्ड पुसला गेलाय’ असं समजून दर तासाला तो पुन्हा लिहिणारा प्रोग्राम लावला होता, आणि काही राउटर दर तासाला वाय-फाय बंद करून चालू करत होते.

प्रश्न : तुम्ही सारखं ‘यंत्राला विचारा’ म्हणता, हे मला धोकादायक वाटतं. आमच्याकडे डेटाबेस म्हणेल तेच खरं, असा नियम आहे. यंत्राला विचारत बसलो तर रात्री कुणीतरी हाताने केलेले उद्योगही खरे मानायचे का? अशा सल्ल्याने शिस्त बिघडते.

राग पोचला, आणि त्यातला एक भाग मला मान्य आहे. काय असायला हवं, हे डेटाबेसनेच सांगावं. तो हक्क मी यंत्राला देत नाहीये. पण काय आहे, हे डेटाबेसला माहीत नसतं. त्याला फक्त शेवटचं काय सांगितलं होतं ते माहीत असतं. माझ्या त्या रात्रीच्या सोळा जोडण्या डेटाबेसमध्ये नव्या कार्डावर ठणठणीत चालू होत्या.

म्हणून रोज रात्री दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा. यंत्रावर आहे पण डेटाबेसमध्ये नाही, असे एका बाजूला. डेटाबेसमध्ये आहे पण यंत्रावर नाही, ते दुसऱ्या. दोन्हीकडे आहेत पण वेग किंवा व्हीलॅन वेगळा, ते तिसरे, आणि हे सर्वांत जास्त त्रास देतात, कारण ग्राहक चालू असतो आणि तक्रार मात्र विचित्र असते. पण निदान पहिले काही आठवडे यंत्रावर आपोआप दुरुस्ती करू नका, एवढी माझी विनंती.

कारण सांगते. मी असा पहिला ताळा घेतला तेव्हा पहिल्या गटात नावं इतकी निघाली, की साहेब म्हणाले, ‘पुसून टाका, हे सगळे चोर आहेत.’ मी दोन दिवस मागून घेतले. निघालं असं, की निम्म्याहून जास्त ठिकाणी ओएनटी जळाला होता आणि फील्डवरच्या माणसाने रात्री नवा लावून ओएलटीवर हाताने नोंद करून दिली होती. ग्राहक पैसे भरणारा, माणूस प्रामाणिक, फक्त डेटाबेसमध्ये नवा सिरियल नंबर भरायचा पडदाच त्याला दिलेला नव्हता. शिस्त म्हणून तेव्हा पुसलं असतं, तर ज्यांची दुरुस्ती झाली होती नेमक्या त्यांचंच इंटरनेट गेलं असतं. आम्ही त्याच्या फोनवर ‘ओएनटी बदलला’ असं एक बटण दिलं. पुढच्या महिन्यात पहिल्या गटातली यादी एका पानावर मावली, आणि त्यात खरोखरचे चोर दोन होते.

तुमच्या नियमाला माझा विरोध नाही. फक्त हाताने केलेला उद्योग दिसला की आधी विचारा, हे त्याला हाताने का करावं लागलं.

प्रश्न : जोडणी कायमची बंद करताना कोणत्या क्रमाने जावं?

चालू करतानाच्या उलट. आधी रेडियसमधलं खातं बंद करा, मग डिस्कनेक्ट पाठवून चालू सत्र तोडा, नाहीतर ग्राहक राउटर बंद होईपर्यंत आरामात वापरत राहील. मग ओएलटीवरची सेवा, त्यानंतर ओएनटीची नोंद. आयडी आणि व्हीलॅन ‘रिकामे’ म्हणून डेटाबेसमध्ये सगळ्यात शेवटी लिहा, आणि तेही ओएलटीला एकदा विचारून. आधी लिहिलंत तर मधल्या दोन मिनिटांत तेच क्रमांक नव्या ग्राहकाला दिले जातात आणि दोन घरं एका व्हीलॅनमध्ये शेजारी बनतात.

एवढं करूनही जुन्या ग्राहकाच्या भिंतीवरचा डबा जर प्लगमध्येच राहिला असेल, तर तो ओएलटीला आपला नंबर सांगत राहणार आणि नोंद नसलेल्यांच्या यादीत रोज दिसत राहणार. त्याला घाबरायचं कारण नाही. फक्त वरच्या पत्रातल्या शिडीवरच्या भावाला नवा ओएनटी निवडून देताना शेवटची चार अक्षरं नीट जुळवून घ्या. यादीत पहिला असलेला त्याचाच असेल असं नाही.